गोड्या पाण्यातल्या तिसऱ्या

माझ्या सासूला मी एकदा मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं, आणि तेही लाडापायी. भांडणापायी केलं असतं तर लोकांना निदान पटलं तरी असतं, कारण आमची भांडणं अख्ख्या कॉलनीला पाठ होती.

कॉलनी म्हणजे कोराडीची. सत्तर-ऐंशीच्या मधला काळ. नवरा वीजकेंद्रात ऑपरेटर, मी तिथल्याच ऑफिसात टायपिस्ट. तो कोकणातल्या खाडीकाठचा, मी नागपूरच्या विणकरांच्या घरातली. ऑफिसातल्या ऑफिसात जमलं आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. माझा बाप सहा महिने बोलला नाही. मग एका रविवारी स्वतः विणलेलं लुगडं काखेत मारून बसनं आला, चहा प्यायला, नवऱ्याला नोकरीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि गेला. माहेरचं प्रकरण तिथंच मिटलं. सासरचं मिटता मिटेना. लग्नानंतर पहिल्यांदा वाडीवर गेले तेव्हा चार दिवस मला कोणी चुलीकडे फिरकू दिलं नाही. पाहुणी म्हणून नाही हो, परकी म्हणून. मला सगळं समजत होतं आणि माझा जीव नुसता जळत होता.

सासू विधवा होती, धाकट्या मुलाकडे वाडीवर राहायची. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली, कारण माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पोरगी पाच वर्षांची होती, पाठीवर मुलगा झाला. बाळ सहा महिन्यांचं झालं की सासू परत जाणार, असं आल्या दिवशीच तिनं जाहीर करून टाकलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी तसं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. तिला ‘आई’ हवं होतं. मग मी मुद्दाम दिवसातून दहा वेळा आत्याबाई म्हणायची. असा माझा स्वभाव, आता लपवून काय करू?

तिला नागपूरचं काहीच पसंत नव्हतं. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्यावर राखेचे कण बसायचे, ते झटकताना ती वीजकेंद्राच्या धुराड्याकडे अशी बघायची की जणू ते माझ्या बापानं बांधलं होतं. कन्हान नदीचे मासे तिला मातकट लागायचे. माझ्या हातचं सावजी मटण कॉलनीतले लोक वाट्या पुढे करून मागायचे, आणि ही एक घास खाऊन म्हणायची, मटण कुठंय गो ह्यात? आणि मी म्हणायची, अजी, शोधा ना, तुमच्या खाडीत शोधता तसं.

पण एक सांगते. भांडत होतो तरी त्या सहा महिन्यांत मी जितकी हसले तितकी पुढं कधी हसले नाही. दुपारी बाळाला पायावर घेऊन ती तेल लावायची आणि खाडीच्या गोष्टी सांगायची. मी ऑफिसातून जेवायला घरी आलेली असायची, डबल ड्युटी झाल्यासारखी थकलेली, आणि तरी पाट ओढून ऐकत बसायची. ओहोटीला कमरेत वाकून चिखलातून तिसऱ्या कशा काढायच्या, पायाच्या अंगठ्याला त्या कशा लागतात, आणि मुख्य म्हणजे निवडायच्या कशा. तिसरी म्हणजे दोन शिंपल्यांच्या पोटात राहणारा जीव. जिवंत असला तर शिंपलं घट्ट मिटून घेतो. मेला की तोंड वासतो. पण काही मेलेल्या फसव्या असतात, आत चिखल भरून मिटलेल्याच राहतात. त्या ओळखायला सासू दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटायची. जिवंत वाजते दगडासारखी, मेलेली पोकळ. वाडीतल्या बायका तिसऱ्यांनी भरलेल्या आपापल्या पाट्या घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या आणि ती निवडून द्यायची. तिनं निवडलेली पाटी बाजारात कोणी उलटून बघायचं नाही. माझ्या बापाचं बोट हातमागावर न बघता तुटक्या धाग्यावर जायचं, तसंच ते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली.

होळी झाली आणि नागपूर तापायला लागलं. सासूचे डोळे आता कॅलेंडरवर. बाळाला सहा महिने व्हायला थोडेच दिवस राहिले होते. आणि एका सोमवारी सकाळी, नवरा स्टेशनवरून एक ओलं गोणपाट घेऊन आला. वाडीकडचा एक ओळखीचा माणूस कामासाठी नागपूरला येत होता, त्याच्यासोबत दिरानं आईसाठी तिसऱ्या पाठवल्या होत्या. बाप्पा, त्या बाईचा चेहरा मी काय सांगू! तिनं गोणपाटात तोंड घातलं आणि खाडीचा वास घेतला. मग मोरीत बसली आणि ठक ठक ठक, एकेक तिसरी वाजवून निवडली. प्रवासात मेलेल्या ओंजळभर निघाल्या, त्या नवऱ्याकडून लांब फेकवून घेतल्या. बाकीच्या सगळ्या ठणठणीत.

पण त्या दिवशी सोमवार. ती सोमवारी मासळी रांधत-खात नसे, म्हणजे रांधायचं मंगळवारी. तिसऱ्या परत गोणपाटात बांधून तिनं मागच्या अंगणात कडुलिंबाखाली ठेवल्या आणि मला बजावलं, गोणपाट ओलं ठेव, बाकी काही करू नको.

मी ते दोन दिवस रजेवर होते. दुपारी ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. सासू बाळाजवळ आडवी झाली होती. मी गोणपाटावर पाणी शिंपडायला गेले, तोंड उघडून बघितलं, तर दोनचार तिसऱ्यांनी तोंडं किलकिली केलेली. मला वाटलं, बिचाऱ्या तहानल्या. आम्ही नागपूरचे लोक, उन्हाळ्यात आमच्याकडे दारात आलेल्या कुत्र्यालाही आधी पाणी दाखवतात. पाण्यातला जीव, त्याला पाणी नको? मी मोठं घमेलं घेतलं, माठातलं गारगार पाणी ओतलं, शेजारणीच्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रे आणून वर रिकामा केला आणि सगळ्या तिसऱ्या त्यात सोडल्या. वरून ओलं गोणपाट झाकलं. संध्याकाळी सासूनं दारातूनच गोणपाट ओलं आहे का ते बघितलं, आणि तिचं समाधान झालं. मलाही समाधान झालं. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात मरतो, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग.

मंगळवारी सकाळी सासू शेजारणीबरोबर देवीच्या देवळात गेली. मी ठरवलं होतं की ती येईपर्यंत सगळं तयार ठेवायचं. तिला कळू दे, ह्या परक्या पोरीला तिसऱ्याही रांधता येतात. गोणपाट उचललं आणि घमेल्यात वाकून बघितलं. पाणी गढूळ, बर्फ कधीचाच विरलेला, पाणी अंगणातल्या हवेसारखं कोमट झालेलं आणि तिसऱ्यांनी तोंडं वासलेली. एक उचलून दुसरीवर आपटली. आवाज पोकळ आला. आणखी दोन घेतल्या, आणखी चार घेतल्या, सगळ्या तशाच.

तेव्हाच फेकून द्यायच्या होत्या. आज कोणालाही सांगेन, शिंपल्यातला जीव मेलेला दिसला की डोळे मिटून फेका. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, सासूनं गोणपाटात घातलेलं तोंड. ती देवळातून येणार, विचारणार, आणि मी काय सांगणार, मारून टाकल्या म्हणून? मग ती म्हणणार की म्हणूनच तुला चुलीपाशी येऊ देत नव्हतो. मी सगळं मांस शिंपल्यांतून काढलं, चार पाण्यांनी धुतलं, शिंपले कागदात बांधून लांब कचऱ्यात टाकले, म्हणजे पुरावा नको. वास थोडा येत होता. त्याला माझ्याकडे औषध होतं, सावजी मसाला. खोबरं, खसखस, दगडफूल, मिरची काळी होईस्तोवर भाजली आणि अशी लाल तर्री आणली की त्यात जोडे शिजवले असते तरी चवीनं खाल्ले असते.

सासू आली, हातपाय धुऊन पाटावर बसली. नवरा सकाळीच डबल ड्युटीला गेलेला. मी वाढलं. तिनं वाटीत बघितलं आणि शिंपले कुठे म्हणून विचारलं, कारण त्यांच्याकडे तिसऱ्या एका शिंपल्यासकटच शिजवतात. मी म्हटलं, टाकले. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापायला वळले. मग तिनं पहिला घास घेतला. मी पाठमोरी होते पण माझे कान तिच्याकडे होते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. दुसरा घास घेतला.

तेवढ्यात पोरगी आपली ताटली घेऊन आजीजवळ आली. मी तिला एक चमचा वाढलेला होता. सासूनं तिच्या ताटलीतून तो झपकन उचलून आपल्या वाटीत घेतला आणि म्हणाली, हे माझं आहे, तू गूळभाकरी खा. पोरगी भोकाड पसरून रडली. मला असा राग आला! एवढीशी पोर, तिची नात, आणि ही म्हातारी तिच्या तोंडातला घास काढून घेते. मी तणतणत पोरीला उचललं आणि शेजारी घेऊन गेले. तिथं बसून शेजारणीला सगळं सांगितलं, बघा बाई, एवढी हावरी सासू पाहिली कुठं? परत आले तर सासूनं वाटी संपवलेली, उरलेलं पातेलं मागे नेऊन खड्ड्यात ओतलेलं आणि वरून माती लोटलेली. म्हणे, ह्या उन्हात उरलंसुरलं ठेवू नये. मनातून सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दिवस मावळायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, मग पोटऱ्यांना गोळे. नवरा घरी आला तेव्हा तिचे डोळे खोल गेलेले आणि बोटांची कातडी सुरकुतलेली. कॉलनीच्या दवाखान्यातून गाडी मिळाली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काय खाल्लं विचारलं आणि नवऱ्यानं तिसऱ्या सांगताच मान हलवली. मग समजावलं. हा जीव बसल्या जागी खाडीचं पाणी पोटात ओढतो आणि गाळून सोडतो. पाण्यात जे जंतू असतील ते त्याच्यात साठत जातात. जिवंत आणि ताजा असेपर्यंत आणि चांगला उकळून खाल्ला तर सहसा निभतं. एकदा मेला आणि उन्हात राहिला की जंतू तासातासाला वाढतात. त्यातले काही असं विष करून ठेवतात की नंतर कितीही शिजवा, ते जात नाही. मग त्यांनी सरळ विचारलं, मेलेल्या होत्या का?

नवरा म्हणाला, नाही हो, माझ्या आईनं स्वतः निवडल्या होत्या. मी तिथंच उभी होते, आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. नवऱ्यानं दिराला तार केली आणि वर एक पत्र टाकलं, त्यात नाही नाही ते लिहिलं, शिळा माल पाठवून आईचा जीव घेत होतास म्हणून. मी ते पत्र पेटीत पडताना पाहिलं. देवीला किती नवस बोलले, मोजले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले. पाणी मागितलं. घरचं दुसरं कोणी नव्हतं, आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, घमेलं, बर्फ, गढूळ पाणी, सावजी मसाला. मला वाटलं ती आता मला उभी चिरणार.

“पहिल्या घासालाच कळलं मला,” ती म्हणाली.

“मंग खाल्ल्या काहून, आत्याबाई?”

तिला बोलायला दम लागत होता. तिनं जे सांगितलं त्याचा मतलब असा की, आमचा जन्म खाडीच्या पाण्यात गेला, आमची पोटं तयार असतात, एका वाटीनं काय होतंय असं तिला वाटलं. नातीच्या ताटलीतलं काढून घेतलं, उरलेलं पुरून टाकलं, म्हणजे झालं. आणि दुसरं असं की, तिनं वाटी सरकवली असती तर मी जन्मात परत तिच्यासाठी काही रांधलं नसतं. इतक्या दिवसांत तिला माझा स्वभाव पुरता कळला होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्याच बाईला शेजारणीकडे बसून मी हावरी म्हटलं होतं.

“कोणाला सांगू नको,” ती म्हणाली. “माझ्या हातून चूक झाली तर चार दिवस हसतील. तुझ्या हातून झाली म्हटलं, तर आमच्या घरात तुझ्या हातचं कोण खाणार नाही. कधीच.”

मी हो म्हटलं. आणि हो म्हणताना मला बरं वाटलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आठवडाभरानं ती घरी आली, आणि पाठोपाठ दीर आणि जाऊ आले. दीर पत्रानं पेटलेला होता. आईला बघून आधी रडला, मग भावासमोर उभा राहिला. पहाटेच्या ओहोटीला काढलेला माल होता म्हणे, माझ्या पोरांची शपथ घेतो. नवरा ऐकेना. दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर जातात की काय असं झालं. तेव्हा सासू खाटेवरून म्हणाली की माल चांगला होता, निवडताना तिचाच कान चुकला. आता वय झालं.

दिराचा राग गेला आणि त्या जागी काळजी आली. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा जावेनं विषय काढला. ती वाईट बाई नव्हती, व्यवहाराचं बोलत होती. म्हणाली, वाडीतल्या बायका ओट्यावर पाट्या आणतात, आईंच्या भरवशावर माल बाजारात जातो. उद्या कोणाच्या लेकराला काही झालं तर? त्यापेक्षा आईंनी आता इथंच राहावं, इथं दवाखानाही जवळ आहे. दिरानं मान खाली घालून हो म्हटलं. नवऱ्यालाही ते बरंच वाटलं.

सासू भिंतीला टेकून बसली होती, पेजेची वाटी हातात. तिनं फक्त “बरं” म्हटलं. सहा महिने कॅलेंडरवर नजर ठेवून असलेली बाई, नागपूरची राख अंगावर घेत खाडीची वाट बघणारी, आणि तिनं बरं म्हणून पेजेचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी गप्प राहिले असते.

“भाऊजी,” मी म्हटलं, “आत्याबाईचा कान चुकला नाही. त्यायनं निवडल्या तेव्हा सगळ्या जित्या होत्या. मी त्या माठाच्या पाण्यात ठेवल्या, त्या मेल्या, अन् मले माहीत असून मी त्या रांधल्या.”

बाहेर बाजांवर शेजारचे लोक गप्पा मारत होते, ते तेवढं ऐकू येत होतं. नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी कोण आहे ते त्याला आठवत नव्हतं. जावेनं हातातला घास ताटात परत ठेवला आणि दोन बोटांनी ताट पुढे सारलं. साधं वरण, भात, वांग्याची भाजी होती. सगळं माझ्या हातचं. दिराचाही हात थांबला. सासू जे म्हणाली होती ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात घडत होतं, आणि मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

सासूनं पेजेची वाटी खाली ठेवली. भिंतीचा आधार सोडून सरकत सरकत पंगतीत आली.

“मला भात वाढ गो,” ती म्हणाली. “वांगंही वाढ.”

नवरा म्हणाला, आई, डॉक्टरनं पेजेवर ठेवलंय. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी वाढलं. भात बोटांतून सांडत होता, पण ती एकेक घास घेत राहिली, आणि आम्ही सगळे ते बघत बसलो. मध्येच दिरानं हळूच विचारलं, परवा परत निघायचंय, आमच्याबरोबर येतेस ना? तिनं तोंडातला घास गिळला, मग मानेनं हो म्हटलं. ताट पूर्ण संपवलं, वांग्याचा देठसुद्धा चोखला. मग जावेकडे वळली.

“आता तू जेव,” ती म्हणाली. “मी जिवंत आहे.”

जावेनं ताट जवळ ओढलं. मी तिच्या भातावर वरण वाढायला वाकले.